कैद्याचं ‘नको’ कोण ऐकणार? तुरुंगातल्या सुधारणेचा वाद आणि जव्हार-मोखाड्यातली घरं

डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात महाराष्ट्र विधिमंडळाने कारागृहांसाठी नवं विधेयक मंजूर केलं. १८९४ पासून चालत आलेल्या इंग्रजांच्या तुरुंग कायद्याच्या जागी येणाऱ्या या कायद्याच्या नावातच ‘सुधारसेवा’ हा शब्द आहे. त्याआधी मे २०२३ मध्ये केंद्र सरकारने सगळ्या राज्यांपुढे एक आदर्श मसुदा ठेवला होता. कैद्याची पारख करायची, त्याची वर्गवारी करायची, प्रत्येकाच्या शिक्षेचा वेगळा आराखडा आखायचा, त्याला हुनर शिकवायचं आणि बाहेर आल्यावर त्याला पायावर उभं करायचं, अशी त्या मसुद्याची दिशा आहे. रजेवर सोडताना कैद्याच्या अंगावर इलेक्ट्रॉनिक पट्टा बांधण्याची सोयही त्यात आहे.

कैदी सुधारावा याला कोण ना म्हणेल? माणूस चुकतो आणि माणूस परत फिरतो, हे तर आपण लहानपणापासून मस्जिदीत ऐकत आलो. तौबेचा दरवाजा बंद होत नाही, असं आपले बुजुर्ग सांगतात. त्यामुळे ‘सुधारसेवा’ या शब्दाला आमचा विरोध नाही. पण एक प्रश्न आम्हाला सतावतो, आणि आपल्या घरांसाठी तो कागदी प्रश्न नाही. तुरुंगात माणसाचं वागणं बदलण्याचे जे कार्यक्रम चालतात आणि त्यावर जे संशोधन होतं, त्याला कैदी ‘नको’ म्हणू शकतो का? आणि म्हणाला, तर त्याचं काय होतं?

खोडाळ्याहून ठाण्याला

हा प्रश्न मुंबईतल्या सेमिनारमध्ये वेगळा दिसतो आणि जव्हार-मोखाड्यातून बघितला की वेगळा दिसतो. या दोन्ही तालुक्यांत दहापैकी नऊ माणसं आदिवासी. वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी. जव्हार शहरात आपली मुस्लिम वस्ती जुनी आहे. सदरुद्दीन चिश्ती यांच्या दर्ग्याच्या उरुसाला आजूबाजूच्या पाड्यांवरचे आदिवासी बांधवही येतात, हे इथल्या माणसाला सांगायला नको. बाजार एक, एसटी स्टँड एक, आणि पोरगं पोलिसांच्या तावडीत सापडलं की रडायची तऱ्हाही एकच.

१ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा जिल्हा झाला. पण आजही इथल्या माणसाला ‘जेल’ म्हटलं की ठाणेच आठवतं. खोडाळ्याहून विहीगावमार्गे कसारा गाठायचा, तिथून लोकल पकडायची. किंवा जव्हारहून विक्रमगड, वाडा, भिवंडी करत एसटीने जायचं. एका मुलाखतीसाठी अख्खा दिवस जातो, एका दिवसाची मजुरी बुडते. मुलाखत मिळते काही मिनिटांची. ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह जुन्या किल्ल्यात आहे. त्याची क्षमता अकराशेच्या आसपास आणि आत माणसं कित्येकदा चार हजारांच्या वर. दिवाळीनंतर घरं बंद करून वीटभट्टीवर ‘जगायला’ जाणाऱ्या कुटुंबाला हा प्रवास किती वेळा जमणार?

आता विचार करा. आत असलेल्या मुलापुढे एक कागद येतो. त्यावर समुपदेशनाचा, चाचणीचा, अभ्यासाचा काही मजकूर असतो. मुलाला मराठी जेमतेम वाचता येते, घरात तो वारली किंवा कातकरी बोलतो. आपल्या मुलाचं म्हणाल तर त्याची घरची बोली दखनी. वकिलाची भेट महिनोन् महिने नाही. कागद पुढे करणारा माणूस तोच, ज्याच्या हातात त्याची बराक, त्याचं काम, त्याची मुलाखत, त्याच्या रजेचा अर्ज आहे. अशा वेळी त्याने केलेल्या सहीला किंवा अंगठ्याला ‘संमती’ म्हणायचं का? वादाचं मूळ इथे आहे.

अमेरिकेने शिकलेला धडा

हा वाद सर्वात जोरात झाला तो अमेरिकेत, १९७० च्या दशकात. १९७२ मध्ये मिसुरी राज्यातल्या स्प्रिंगफिल्डच्या सरकारी तुरुंगात ‘स्टार्ट’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. ऐकत नाहीत अशा कैद्यांना तिथे आणायचं, एकांतात ठेवायचं, त्यांच्या बहुतेक सवलती काढून घ्यायच्या आणि सांगितल्याप्रमाणे वागले की एकेक सवलत परत द्यायची, अशी ती पद्धत होती. अधिकाऱ्यांच्या मते हे शास्त्र होतं. कैद्यांच्या मते ही शिक्षाच होती, फक्त नाव बदललेलं. त्यांना कुणी विचारून आणलं नव्हतं. ते कोर्टात गेले. १९७४ मध्ये कार्यक्रम बंद पडला, आणि कोर्टाने म्हटलं की माणसाला अशा कार्यक्रमात टाकण्याआधी त्याचं म्हणणं ऐकून घ्यायला हवं.

याच काळात फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगाची कहाणी उघड झाली. १९५१ पासून १९७४ पर्यंत तिथे कैद्यांच्या कातडीवर औषधं, मलमं, रसायनं लावून बघितली जात होती. कैद्यांना त्याचे थोडे पैसे मिळत. त्यातले बहुतेक काळे होते. तुरुंगात पैसे कमवायचा दुसरा रस्ता नसेल तर माणूस कातडीही देतो. फिलाडेल्फिया शहराने याची जाहीर माफी मागितली ती २०२२ मध्ये, म्हणजे जवळजवळ अर्धशतकाने.

या सगळ्यातून अमेरिकेने १९७८ मध्ये नियम केले. त्यातले दोन आपल्या कामाचे आहेत. पहिला, संशोधनात भाग घेण्याचा फायदा इतका मोठा नसावा की कैद्याला धोका दिसेनासा होईल. दुसरा, कैद्याने भाग घेतला की नाही, याचा त्याच्या सुटकेच्या निर्णयाशी काहीही संबंध नसावा, आणि हे त्याला आधीच स्पष्ट सांगावं. ‘नको’ म्हणायला जागा ठेवायची ती अशी.

आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत कैद्यांना सहज दबावाखाली येऊ शकणाऱ्या लोकांत धरलं आहे. त्यांच्यावरच्या संशोधनाला जास्त काळजी लागते, असं त्यात सांगितलं आहे. कागदावर हे ठीक आहे. पण ही तत्त्वं मुख्यतः वैद्यकीय आणि आरोग्याच्या संशोधनासाठी आहेत. तुरुंग प्रशासन स्वतः ‘सुधारणेचा कार्यक्रम’ म्हणून जे चालवतं, त्याला कुणी संशोधन म्हणत नाही. मग त्याची तपासणी कोण करणार?

इथे न्यायाने दुसरी बाजूही सांगायला हवी. १९७४ मध्येच रॉबर्ट मार्टिनसन नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने तुरुंगातल्या सुधारणा कार्यक्रमांचा आढावा घेतला. त्याचा अर्थ लोकांनी ‘काहीच उपयोगी पडत नाही’ असा काढला. मार्टिनसनने पुढे स्वतःच आपलं मत बरंच मागे घेतलं. पण तोवर ‘सुधारणा वगैरे झूट, नुसतं कोंडून ठेवा’ म्हणणाऱ्यांच्या हाती कोलीत मिळालं होतं. म्हणजे संशोधनाला सरसकट विरोध केला तर तोटा कैद्याचाच. शाळा बंद होते, कारखाना बंद होतो, फक्त कुलूप राहतं. म्हणून आम्ही ‘संशोधन नको’ म्हणत नाही. आम्ही विचारतो की ते कशावर, कुणासाठी आणि कुणाच्या होकाराने.

आपल्याच मातीतले दोन नमुने

अमेरिका लांब राहिली. महाराष्ट्रात याचे दोन जुने नमुने आहेत, एक कडू आणि एक गोड.

कडू नमुना म्हणजे सोलापूरचं सेटलमेंट. १८७१ मध्ये इंग्रजांनी काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा कायदा केला आणि पुढे तो मुंबई इलाख्यातही आणला. पारधी, कैकाडी, भामटा अशा जमातींना तारेच्या कुंपणात ठेवलं, रोज हजेरी लावली, गिरण्यांत कामाला लावलं. सरकारी भाषेत यालाही ‘सुधारणा’च म्हणत होते. माणसाने चोरी केली का, हा प्रश्नच नव्हता. त्याची जमात काय, एवढंच पाहिलं जाई. ३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा गेला, पण ‘सराईत गुन्हेगार’ हा शब्द कागदोपत्री उरला. ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल देताना तुरुंगातली जातीवरून होणारी कामाची वाटणी घटनाबाह्य ठरवली आणि विमुक्त जमातींना सवयीचे गुन्हेगार मानणाऱ्या नियमांवरही घाव घातला. सत्तर वर्षांहून जास्त काळ लागला.

गोड नमुना म्हणजे आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर. आज हा भाग सांगली जिल्ह्यात येतो. १९३९ मध्ये औंध संस्थानात राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या काळात, मॉरिस फ्रीडमन यांच्या कल्पनेतून, तिथे भिंत नसलेली वसाहत उभी राहिली. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेले कैदी तिथे शेती करत आणि कुटुंबासोबत राहत. व्ही. शांताराम यांचा १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ याच प्रयोगावरून सुचला. तोही वागणं बदलण्याचाच प्रयोग होता. फरक एवढाच की तिथे कैद्याला जमीन मिळाली, बायको-मुलं सोबत राहिली, काम मिळालं आणि त्याच्यावर भरवसा टाकला गेला.

दोन्हींना ‘सुधारणा’ हेच नाव होतं. म्हणून नावावरून काही ठरत नाही. माणसाला आत काय मिळतं आणि तो काय नाकारू शकतो, ते बघावं लागतं.

दवाखान्याच्या खाटेवरची चौकशी

आपल्या समाजाला या वादाचा सगळ्यात मोठा चटका बसला तो नार्को चाचणीतून. दोन हजारच्या दशकात देशात नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूच्या लहरी मोजण्याच्या चाचण्यांची लाट होती. औषधाची सुई द्यायची, माणूस अर्धवट गुंगीत गेला की प्रश्न विचारायचे, आणि त्याला विज्ञान म्हणायचं. ११ जुलै २००६ च्या मुंबई लोकल बॉम्बस्फोटांच्या तपासातही आरोपींवर अशा चाचण्या झाल्या. ५ मे २०१० ला सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की माणसाच्या संमतीविना यातली एकही चाचणी करता येणार नाही. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला कुणावर जबरदस्ती करता येत नाही, हे घटनेच्या कलम २० (३) मध्ये आहेच. पण न्यायालयाने त्याही पुढे जाऊन माणसाच्या मनाचा खाजगीपणा मान्य केला.

त्या खटल्याचं पुढे काय झालं? २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने १२ जणांना दोषी ठरवलं, पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष सोडलं. त्यातला एक २०२१ मध्ये तुरुंगातच वारला होता. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना परत आत पाठवलं नाही. त्या स्फोटांत १८० हून अधिक माणसं गेली, त्यांच्या घरच्यांना न्याय मिळायला हवा, याबद्दल आपल्या मनात किंतु असू नये. पण ज्यांनी १९ वर्षं आत काढली, त्यांच्याकडून या काळात कोणती ‘सुधारणा’ अपेक्षित होती? जो गुन्हा उच्च न्यायालयाच्या मते सिद्धच झाला नाही, त्याचा पश्चात्ताप त्यांनी कसा करायचा होता?

हजरत युसूफ अलैहिस्सलाम यांची कहाणी आपल्या प्रत्येक घरात सांगितली जाते. बेकसूर असून ते कैदेत राहिले. तिथे त्यांनी सोबतच्या कैद्यांशी भलं वर्तन केलं, पण जी चूक केलीच नव्हती तिची कबुली दिली नाही. बाहेर यायची वेळ आली तेव्हा आधी आपला मामला साफ करा, असाच त्यांचा आग्रह होता.

चारातले तीन

ही गोष्ट एका खटल्याची नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीत देशभरच्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती. त्यातले ७५.८ टक्के कच्चे कैदी, म्हणजे खटला चालू असलेले. चारातले तीन. कायद्याच्या नजरेत ते निर्दोष आहेत. त्यांच्यासाठी वागणूक बदलण्याचा कार्यक्रम आखणं म्हणजे निकालाआधी इलाज सुरू करणं. त्यांना हवा आहे वकील, तारीख आणि जामीन.

महाराष्ट्रात हे कुणाच्या वाट्याला येतं? राज्य अल्पसंख्याक आयोगाच्या सांगण्यावरून टाटा समाजविज्ञान संस्थेच्या विजय राघवन आणि रोशनी नायर यांनी २०११ मध्ये एक अभ्यास केला. १५ कारागृहांतल्या ३३९ मुस्लिम कैद्यांशी ते बोलले. राज्याच्या लोकसंख्येत आपण अकरा-साडेअकरा टक्के, आणि त्या काळात तुरुंगात मात्र तीस टक्क्यांच्या वर. अभ्यासात दिसलं ते असं: बहुतेक तरुण, कमी शिकलेले, गरीब घरातले, आणि बहुतेकांचा संघटित टोळ्यांशी काही संबंध नव्हता. चांगला वकील न मिळणं आणि पोलिसांचा पूर्वग्रह, या तक्रारी पुन्हा पुन्हा आल्या.

आम्हाला हा अभ्यास मोलाचा वाटतो. त्याने कैद्यांच्या डोक्यात काय बिघाड आहे ते शोधलं नाही. त्यांना काय हवं आहे, हे विचारलं, आणि मग व्यवस्थेकडेही बोट दाखवलं. याच संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून मुंबई परिसरातल्या तुरुंगांत काम करतो. तिथले कार्यकर्ते कैद्याच्या घरी निरोप पोचवतात, वकिलाशी गाठ घालून देतात, सुटल्यावर काम बघतात. वागणं बदलतं ते बहुतेक वेळा अशानेच.

समाजावर शिक्का, माणसावर प्रयोग

१६ एप्रिल २०२० ची रात्र पालघर जिल्हा विसरणार नाही. डहाणू तालुक्यातल्या गडचिंचले इथे चोर आल्याच्या अफवेतून जमावाने दोन साधू आणि त्यांच्या गाडीचालकाला ठार केलं. गुन्हा भयंकर होता. पण दुसऱ्याच दिवसापासून समाजमाध्यमांवर हे मुसलमानांनी केलं असं पसरवलं गेलं. शेवटी तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांना जाहीर सांगावं लागलं की अटक झालेल्या १०१ जणांत एकही मुस्लिम नाही. मग बोट फिरलं आदिवासींकडे, आणि सगळा आदिवासी पट्टाच हिंसक असल्यासारखं बोललं जाऊ लागलं. गुन्हा त्या जमावातल्या माणसांचा, शिक्का मात्र आधी एका समाजावर आणि मग दुसऱ्यावर.

हीच भीती आम्हाला ‘डी-रॅडिकलायझेशन’ म्हणजे कट्टरतेपासून परत फिरवण्याच्या कार्यक्रमांबद्दल वाटते. २०१४ मध्ये कल्याणचे चार तरुण इराककडे गेले, त्यानंतर महाराष्ट्राने असा कार्यक्रम सुरू केला. भरकटलेल्या एखाद्या मुलाला उलेमांनी, आईबापांनी, समुपदेशकांनी समजावून परत आणलं, तर त्यापेक्षा चांगलं काय? तुरुंगात नेण्यापेक्षा ते हजारपट बरं. आपल्यातल्या कुणी द्वेषाची दुकानं उघडली असतील तर ती बंद करायची जबाबदारीही आधी आपलीच आहे, हे आम्ही इथे वारंवार लिहिलं आहे. पण कार्यक्रम एका मुलासाठी आहे की अख्ख्या मोहल्ल्यासाठी? चौकशी आणि समुपदेशन करणारा माणूस एकच आहे का? समुपदेशकाला सांगितलेलं उद्या आरोपपत्रात येणार नाही, याची हमी कोण देतो? सोलापूरच्या कुंपणाची आठवण ठेवून हे विचारावंच लागतं.

राजीखुशीचं काय?

मग राजीखुशीने केलेले कार्यक्रम नसतातच का? असतात. एप्रिल १९९४ मध्ये दिल्लीच्या तिहार तुरुंगात किरण बेदी प्रमुख असताना हजाराहून अधिक कैद्यांनी विपश्यनेचं शिबिर केलं, आणि कैद्यांच्या मनावर त्याचा काय परिणाम होतो याचा अभ्यासही त्या काळात झाला. येरवड्यात गांधीविचारांच्या परीक्षा होतात. आपले मुस्लिम कैदी आत रोजे ठेवतात, नमाज पढतात, आणि कित्येक जण तिथेच पहिल्यांदा कुरआन नीट वाचायला शिकतात. ज्याला ज्यातून सुकून मिळतो, त्याला ते मिळावं. फक्त कुणावर दुसऱ्याच्या धर्माची किंवा विचाराची सक्ती नको, आणि न जाणाऱ्याच्या नावापुढे ‘असहकार’ असा शेरा नको.

दिमागी आजाराचं आणि नशेचं दुखणंही खरं आहे. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने तिथल्या तुरुंगातल्या ५,०२४ कैद्यांची पाहणी केली, तिचा अहवाल २०११ मध्ये आला. जवळपास ८० टक्के जणांना मानसिक आजार किंवा नशेशी संबंधित त्रास असल्याचं त्यात आढळलं. नशेचा भाग वगळला तरी २७ टक्क्यांवर माणसं उरत होती. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा म्हणतो की प्रत्येक राज्यात किमान एका तुरुंगात मानसोपचाराची सोय हवीच. अशा माणसाला डॉक्टर नाकारणं हाही जुलूमच. पण उपचार आणि प्रयोग यांतली रेघ त्याला त्याच्या भाषेत समजावून सांगितली पाहिजे.

महाराष्ट्रातच एक साधं उदाहरण आहे. २०२२ मध्ये येरवडा तुरुंगात राज्य सहकारी बँकेने ‘जिव्हाळा’ ही कर्जयोजना सुरू केली. शिक्षा भोगणाऱ्या कैद्याला आतल्या कमाईच्या जोरावर ५० हजारांपर्यंत कर्ज, सात टक्के व्याजाने. ते घराच्या उपयोगी पडतं, पोरांच्या फीला, वकिलाला, आजारपणाला. आपल्यात व्याजाचा प्रश्न येतो, तो ज्याचा त्याने आलिमांना विचारावा. मुद्दा असा की इथे कैद्याच्या हातात घरासाठी काही करण्याची ताकद आली. बद्रच्या लढाईतल्या ज्या कैद्यांकडे फिदिया द्यायला पैसे नव्हते, त्यांनी मदिनेच्या दहा-दहा मुलांना लिहायला-वाचायला शिकवावं आणि सुटावं, अशी सवलत मिळाल्याचं सीरतमध्ये येतं. कैद्याकडेही देण्यासारखं काही असतं, हे मानणारी ती रीत होती.

घरच्यांनी काय विचारावं, काय करावं

कायदा मुंबईत-नागपुरात होतो, पण कागदावर सही ठाण्याच्या बराकीत होते. म्हणून घरच्यांसाठी चार गोष्टी.

एक. मुलाखतीला गेल्यावर मुलाला विचारा: तुझ्याकडून कशावर सही घेतली का? काय सांगून घेतली? नाही म्हटलं तर काय होईल, हे सांगितलं का? कागदाची नक्कल मागायला शिकवा.

दोन. तो कच्चा कैदी असेल तर आधी जामिनाचं बघा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या माणसाने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला जामिनावर सोडायला हवं. जन्मठेप किंवा फाशी होऊ शकेल असे गुन्हे याला अपवाद आहेत, आणि एकापेक्षा जास्त खटले चालू असतील तरी अडचण येते. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की जुन्या प्रकरणांनाही हे लागू आहे.

तीन. जामीन मंजूर होऊनही पैशाअभावी माणूस आत राहिला असेल, तर गरीब कैद्यांसाठी केंद्राची २०२३ ची योजना आहे. जामिनासाठी आणि दंडासाठी मदत त्यातून मिळू शकते. अर्जाबद्दल जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारा. कोठडीतल्या कोणत्याही माणसाला आणि अनुसूचित जमातीच्या माणसाला मोफत वकिलाचा हक्क १९८७ च्या कायद्याने दिला आहे. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

चार. हे काम एकट्या घराचं नाही. जव्हार-मोखाड्यात आपली जमात आणि आदिवासी संघटना एकत्र बसल्या, महिन्यातून एक दिवस जुम्यानंतर किंवा बाजाराच्या दिवशी कुणी जाणत्या वकिलाला बसवलं, कुणाचा मुलगा कुठे आहे आणि पुढची तारीख कधी आहे याची एक वही ठेवली, तर ठाण्याच्या फेऱ्या अर्ध्या होतील. त्या वहीत वारल्याचं नाव आणि शेखचं नाव एकाखाली एक असावं. दुखणं एकच आहे.

सरकारकडे आमची मागणी मोठी नाही. तुरुंगातल्या प्रत्येक सुधारणा कार्यक्रमावर आणि संशोधनावर बाहेरच्या समितीची नजर असावी, आणि तीत कैद्यांच्या बाजूने बोलणारा माणूस असावा. कागद कैद्याच्या बोलीत समजावला जावा. ‘नको’ म्हणणाऱ्याची रजा, माफी किंवा मुलाखत कमी होणार नाही, हे नियमात लिहावं. आणि कच्च्या कैद्याला वागणूक बदलण्याच्या कार्यक्रमात ओढू नये. त्याने स्वतःहून शिक्षण, काम किंवा उपचार मागितला, तर जरूर द्यावा.

तौबा आतून येते, तिला नियत लागते. कैद्याला ‘नको’ म्हणता आलं, तरच त्याच्या ‘हो’ला किंमत आहे. नव्या कायद्यातल्या ‘सुधारसेवा’ या शब्दाची परीक्षा याच ठिकाणी होईल. पुढच्या वेळी खोडाळ्याहून किंवा जव्हारहून पहाटेची गाडी पकडाल, तेव्हा डब्यासोबत आणि कपड्यांसोबत वर लिहिलेले प्रश्नही एका चिठ्ठीवर घेऊन जा.